दार कोणाचे, खेळ कोणाचा?

कोणत्याही नव्या कलेकडे घरातील वडीलमाणसे प्रथम वैतागाने पाहतात, मग कुतूहलाने, आणि पुढे कधीतरी ती आपलीच मालमत्ता असल्याच्या अभिमानाने. नाटकाचे तसे झाले, बोलपटाचेही तसेच झाले. जत्रेच्या तंबूतला जो चित्रपट पाहण्यासाठी मुलांना घरातून गुपचूप निसटावे लागे, त्याच चित्रपटावर पुढे विद्वानांनी ग्रंथ लिहिले. व्हिडिओ गेम नावाचा प्रकार सध्या यांतल्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर पाय ठेवू पाहत आहे. तेव्हा फराळाचे ताट बाजूला सारून दिवाळी अंक उघडणाऱ्या वाचकाने ‘हा विषय येथे कशाला?’ म्हणून कपाळाला आठी घालण्यापूर्वी चार पाने धीर धरावा, अशी माझी विनंती आहे.

मुलांनी हे खेळ किती वेळ खेळावेत, याची चर्चा मी करणार नाही. ती घरोघरी रोज होते, आणि तिचा निकाल बहुधा आईच लावते. मला बोलायचे आहे ते हे खेळ घडविणाऱ्यांविषयी आणि त्यांना विकत घेणाऱ्यांविषयी. कादंबरीचा विचार करताना प्रकाशकाचे नाव आपण पहिल्या पानावर वाचतो आणि विसरतो. त्याने कादंबरीचा घाट फारसा बदलत नाही. या कलेत मात्र कारखानदार कोण, कारागीर कोण आणि दोघांमधला करार काय, यावर कृतीचे रूप ठरते; पुष्कळदा ती जन्माला येणार की नाही, हेही ठरते. मी बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईस राहतो. आमच्याकडची मुले-मुली आता पुण्याला जाऊन संगणकावर चित्रे हलवायला शिकतात, खेळ घडवायला शिकतात. तेव्हा हा प्रश्न सातासमुद्रांपलीकडचा राहिलेला नाही.

आधी व्यवहार समजून घेऊ. दूरचित्रवाणीच्या संचाला जोडून ज्यावर खेळ खेळतात त्या यंत्राला कन्सोल म्हणतात. जगात आज या यंत्रांचे मोठे कर्ते तीन. निन्टेन्डो ही क्योटोची कंपनी सर्वांत जुनी. १८८९ मध्ये ती निघाली ती फुलांची चित्रे असलेले खेळायचे पत्ते करण्यासाठी. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफांची आठवण यावी असाच तो धंदा. दुसरी सोनी, तिचे प्लेस्टेशन १९९४ च्या डिसेंबरात जपानात विक्रीला आले. तिसरी मायक्रोसॉफ्ट, तिचे एक्सबॉक्स २००१ मध्ये आले. हे यंत्र पुष्कळदा जेमतेम नफ्यावर, प्रसंगी तोटा सोसूनही विकले जाते. खरी कमाई पुढे. त्या यंत्रावर जो कोणी खेळ विकील त्याच्याकडून यंत्राचा धनी वाटा घेतो, आणि हा वाटा रूढीने शंभरातील तीसच्या आसपास असतो. म्हणजे धनी जो आहे तो दाराचा. आत येणाऱ्या प्रत्येक गाडीचा जकातदार तोच.

ज्याचे दार, त्याला गिऱ्हाईक आपल्याच दाराशी हवे असते. ते कसे आणावे? शेजारच्या दाराशी मिळत नाही असा खेळ आपल्याकडे ठेवून. अशा राखीव खेळांसाठी दोन मार्ग असतात. खेळ घडविणाऱ्या स्टुडिओला पैसे देऊन काही काळापुरता खेळ बांधून घ्यायचा, किंवा सबंध स्टुडिओच माणसांसकट विकत घ्यायचा. दुसरा मार्ग महाग खरा, पण त्यात एक जास्तीचा लाभ आहे: तो स्टुडिओ प्रतिस्पर्ध्याच्या हाती जाण्याची वाट कायमची बंद होते. माझे सारे म्हणणे या जास्तीच्या लाभाभोवती आहे. स्टुडिओची किंमत तो काय घडवितो यावरून ठरण्याऐवजी, तो शेजाऱ्याला काय मिळू देणार नाही यावरून ठरू लागली, म्हणजे त्या स्टुडिओतल्या कलेचे दिवस फिरले असे समजावे.

या भांडणाचे मूळ फार मागे, अमेरिकेतल्या अटारी कंपनीत आहे. त्या काळी अटारी यंत्रही करी आणि त्यावरचे खेळही. पण खेळ करणाऱ्याचे नाव कुठेही येऊ देत नसे. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ या खेळात एक गुप्त खोली केली आणि तिच्यात स्वतःचे नाव लपवून ठेवले. खेळता खेळता ज्याला ती खोली सापडे त्यालाच कळे की, हे कोणा माणसाने केले आहे. जुन्या देवळाच्या पायरीखाली पाथरवटाने आपली खूण कोरावी, तसाच हा प्रकार. याच अन्यायाला आणि अपुऱ्या मोबदल्याला कंटाळून अटारीतले चार कारागीर बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. यंत्र दुसऱ्याचे, खेळ आमचा, आणि वेष्टनावर करणाऱ्याचे नाव, अशी तिची रीत होती. अटारीने त्यांना कोर्टात खेचले. १९८२ मध्ये तडजोड झाली, आणि यंत्र करणाऱ्यावाचून स्वतंत्रपणे खेळ करणाऱ्यांचा धंदा जगात रुजला.

मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर बाहेर पडले, सीताराम कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू उचलली, आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ निघाली. कारागीर मालक झाले म्हणूनच १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’ होऊ शकला, असे मला नेहमी वाटते. मालकाच्या हिशेबात न बसणारी सावकाशी त्या चित्रपटाच्या प्रत्येक चौकटीत आहे. पुढे भागीदार फुटले. १९४२ मध्ये शांतारामांनी परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत राजकमल उभे केले. १९५३ मध्ये प्रभातचे काम थांबले, आणि १९६० मध्ये त्याच पुण्याच्या जागेवर सरकारची चित्रपटसंस्था आली. कारागिरांचे घर टिकणे किती अवघड असते, हे आपण आपल्या डोळ्यांदेखत पाहिले आहे.

आता यंत्रकर्त्यांच्या शर्यतीकडे येऊ. इंग्लंडातल्या रेअर या स्टुडिओने निन्टेन्डोसाठी १९९४ मध्ये ‘डाँकी काँग कंट्री’ आणि १९९७ मध्ये ‘गोल्डनआय’ हे खेळ केले होते. स्टुडिओत निन्टेन्डोची ४९ टक्के भागी होती. नवा भिडू मायक्रोसॉफ्ट याने २००२ मध्ये ३७.५ कोटी डॉलर मोजून सबंध स्टुडिओ घेतला. पण ज्या वानरामुळे रेअरचे नाव झाले ते पात्र निन्टेन्डोचे. ते तिकडेच राहिले. हात विकत मिळाले, पण ज्या मातीत ते हात रमत होते ती माती मिळाली नाही. रेअरला नव्या घरात आपला सूर सापडायला वर्षे लागली. २०१८ च्या ‘सी ऑफ थीव्ह्ज’मध्ये तो सापडला, आणि २०२४ मध्ये तोच खेळ सोनीच्या यंत्रावर विक्रीला गेला!

याहून बोलका दाखला बंजी या स्टुडिओचा. त्यांचा ‘हेलो’ हा खेळ १९९९ मध्ये ॲपलच्या मेळाव्यात दाखविला गेला होता. दुसऱ्या वर्षी मायक्रोसॉफ्टने स्टुडिओ घेतला, आणि २००१ मध्ये ‘हेलो’ आला तो एक्सबॉक्सचा मानकरी म्हणून. २००७ मध्ये बंजी मायक्रोसॉफ्टपासून वेगळा झाला. ‘हेलो’ मात्र धन्याकडे राहिला. २०२२ मध्ये त्याच बंजीला घेण्यासाठी सोनीने ३६० कोटी डॉलर जाहीर केले. एकाच कारागिराला दोन शत्रूंनी आळीपाळीने घरी नेले. आणि २०२५ च्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने सांगितले की, ‘हेलो’ नव्या रूपात प्लेस्टेशनवरही येणार! ज्या भिंतीसाठी एवढा खर्च झाला ती भिंत बांधणाऱ्यानेच पाडायला घेतली.

सोनीने बंजीची घोषणा केली तो मुहूर्तही पाहण्यासारखा आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये बेथेस्डाची मातृसंस्था झेनिमॅक्स ७५० कोटी डॉलरला पदरात पाडून घेतली होती. १८ जानेवारी २०२२ रोजी तिने जाहीर केले की, आपण ६,८७० कोटी डॉलर देऊन ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड घेणार. सोनीची घोषणा त्याच महिन्याच्या ३१ तारखेस आली. अशी बोलणी पंधरवड्यात होत नाहीत, ती आधीपासूनच चाललेली असतात, हे मान्य. पण लग्नसराईत शेजारच्या मांडवाकडे पाहूनच आपल्या मांडवाची कनात लांबविली जाते, हेही तितकेच खरे. आणि येथे वाचकाने क्षणभर थांबावे. ॲक्टिव्हिजन म्हणजे तीच, यंत्राच्या धन्याच्या वाड्यातून नावासाठी बाहेर पडलेल्या चार कारागिरांची! मधल्या काळात तिची अनेक स्थित्यंतरे झाली, ती स्वतःच मोठी धनीण झाली. तरीही ४४ वर्षांनी, १३ ऑक्टोबर २०२३ रोजी, ती पुन्हा एका यंत्रकर्त्याच्याच वाड्यात गेली.

हा सौदा सुखासुखी झाला नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो कोर्टात अडविण्याचा यत्न केला, तो जुलै २०२३ मध्ये फसला. ब्रिटनच्या नियामकाने एप्रिलमध्ये नकार दिला होता. इंटरनेटवरून थेट खेळविण्याचे हक्क १५ वर्षांसाठी युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीला देण्याचे ठरल्यावर त्याने होकार दिला. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ हा लोकप्रिय खेळ सोनीच्या यंत्रावर १० वर्षे ठेवण्याचा करारही झाला. सिनेमात हा प्रश्न फार पूर्वी उठला होता. चित्रपट करणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी चित्रपटगृहांच्या साखळ्याही आपल्याच हाती ठेवू नयेत, अशा अर्थाचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला होता. पडदा आणि चित्र एकाच मुठीत असू नये, हे त्या काळच्या न्यायाधीशांना पटले. आजच्या नियामकांनी गिऱ्हाइकाला खेळ मिळेल की नाही, एवढेच मुख्यतः पाहिले. कारागिराचे काय होईल, हा प्रश्न कोणी विचारल्याचे दिसले नाही.

त्याचे काय झाले, ते पाहा. सौद्यानंतर तीन महिने लोटले तोच, जानेवारी २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या खेळविभागातून १,९०० माणसे कमी झाली. मे महिन्यात झेनिमॅक्सबरोबर आलेले काही स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर झाले. त्यांत जपानचा टँगो गेमवर्क्स होता. या स्टुडिओने आदल्याच वर्षी ‘हाय-फाय रश’ नावाचा ताला-ठेक्यावर लढण्याचा एक मोठा प्रसन्न खेळ केला होता आणि रसिकांची व पुरस्कारांची दाद मिळविली होती. पुढे ऑगस्टमध्ये कोरियाच्या क्राफ्टनने त्याला आसरा दिला. सोनीकडेही निराळे घडले नाही. तिने २०२३ मध्ये घेतलेल्या फायरवॉक स्टुडिओचा ‘काँकॉर्ड’ हा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये आला, दोन आठवड्यांत मागे घेतला गेला, आणि ऑक्टोबरात स्टुडिओला कुलूप लागले. बंजीतूनही त्या जुलैमध्ये २२० माणसांना जावे लागले. एक स्टुडिओ चांगले काम करून बंद झाला, दुसरा पडून बंद झाला. कामाच्या गुणाचा आणि नशिबाचा संबंध इतका सुटलेला पाहून टीकाकाराने काय लिहावे?

तथापि एकच बाजू मांडणे बरे नव्हे. धनी मिळाल्याने कृती सुधारल्याचेही दाखले आहेत. डबल फाइन हा स्टुडिओ २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला तेव्हा ‘सायकोनॉट्स २’ अर्धामुर्धा होता. पैशांच्या तंगीमुळे त्यातल्या मोठ्या लढती गाळायचे ठरले होते. नव्या पैशाने त्या परत आल्या, आणि २०२१ मध्ये आलेला खेळ त्यामुळेच भरदार झाला. सोनीने २००१ मध्ये घेतलेल्या नॉटी डॉगने बारा वर्षांनी ‘द लास्ट ऑफ अस’ केला. एवढा धीर धरणारा धनी लाभला नसता तर त्या खेळातली माणसे इतकी खरी वाटली नसती. निन्टेन्डो तर क्वचितच खरेदी करते, आणि केली तरी बहुधा वर्षानुवर्षे ज्यांच्याबरोबर काम केले त्यांनाच घरात घेते. यावरून मी एवढेच म्हणेन: धनी कारागिराला त्याच्या कामासाठी घेतो तेव्हा काम फुलते, शेजाऱ्याच्या ईर्ष्येने घेतो तेव्हा ईर्ष्या ओसरली की कारागीर अडगळ होतो.

हे सारे दूरचे झाले. आता पुण्यास येऊ; कारण २०२० साली, जेमतेम एका महिन्याच्या अंतराने, त्या एकाच शहरातून दोन खेळ जगासमोर आले, आणि त्या दोहोंमध्ये मला आपले भवितव्य दिसते.

युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ हा मुळात गेमलॉफ्ट या कंपनीचा. युबिसॉफ्टने तो २००८ मध्ये घेतला. पुढे २०१८ मध्ये मुंबईतही तिने एक स्टुडिओ काढला. वर्षानुवर्षे येथल्या माणसांनी परदेशात योजलेल्या खेळांची कामे केली. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाले की, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या २००३ च्या गाजलेल्या खेळाचा नवा अवतार पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ घडवीत आहेत. आपल्या मुलांवर एवढे मोठे काम सोपविले गेले, याचा अनेकांना आनंद झाला. पण पहिली झलक पाहताच खेळाडूंनी नाके मुरडली. चेहरे जुनाट दिसतात म्हणून टीका झाली. जानेवारी २०२१ ची तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली. मे २०२२ मध्ये ते काम मूळ कर्त्या माँट्रिऑलच्या स्टुडिओकडे गेले, आणि जानेवारी २०२६ मध्ये तो खेळच रद्द झाल्याचे युबिसॉफ्टने सांगितले. पुणे-मुंबईच्या त्या कामाचे मूल्यमापन आता कोणीच करू शकणार नाही. जे लोकांसमोर आलेच नाही त्यावर टीकाकार काय बोलणार? मला हळहळ वाटते ती या गोष्टीची. वाईट निघालेला खेळसुद्धा करणाऱ्याला काही शिकवितो. काढून घेतलेला खेळ काहीच शिकवीत नाही.

दुसरा खेळ ‘राजी’. नॉडिंग हेड्स गेम्स हा पुण्यातल्या मूठभर माणसांचा स्टुडिओ. २०१७ मध्ये त्यांनी लोकवर्गणीचा यत्न केला. वर्गणी पुरेशी जमली नाही. तरी ते चिकटून राहिले, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी’ प्रथम निन्टेन्डोच्या स्विच या यंत्रावर आला. इतर यंत्रांवर तो ऑक्टोबरात पोहोचला. गोष्ट साधी आहे. राजी ही कसरतीचे खेळ करणारी मुलगी. असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात. ती दुर्गेचा त्रिशूळ घेऊन त्याच्या शोधार्थ निघते, आणि दुर्गा व विष्णू तिची वाटचाल पाहत आपसांत बोलत राहतात.

माझ्या भाचीबरोबर मी हा खेळ पाहिला. खेळली ती, माझे काम भिंती पाहण्याचे. आणि खरोखर, त्या भिंतींसाठी हा खेळ पाहावा. राजवाड्यांच्या नक्षीत राजस्थानी घडण आहे, भित्तिचित्रांसमोर राजी थांबली की पुराणकथा ऐकू येते. कथेचे महत्त्वाचे प्रसंग सावल्यांच्या बाहुल्यांनी सांगितले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जतन केला आहे. तो ज्याने पाहिला आहे त्याला या प्रसंगांत घरचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. राजीची लढत तिच्या धंद्यातून आली आहे, हा मला सर्वांत मोठा गुण वाटला. ती खांबाला गिरकी घेते, भिंतीवरून धावते, कारण ती डोंबाऱ्याच्या खेळातली पोर आहे. शौर्य तिला वरून चिकटविलेले नाही.

दोषही सांगितले पाहिजेत. मारामारी मध्येच अडखळते. त्रिशूळ फिरविताना हात आणि डोळा यांचे जुळत नाही. खेळ लवकर आटोपतो, आणि शेवट असा तुटतो की, पुढचे पान कोणी फाडून नेले की काय, असे वाटावे. देवता पहिल्या आवृत्तीत इंग्रजीतून बोलल्या. २०२२ च्या सुधारलेल्या आवृत्तीत त्या हिंदी बोलू लागल्या. पुण्यात घडलेल्या दुर्गेच्या तोंडी एखादा मराठी शब्द आला असता तर काय बिघडले असते, असे माझ्यासारख्याला वाटणारच. पण हे दोष करणाऱ्यांचे स्वतःचे आहेत. त्यांवर बोट ठेवता येते, पुढच्या खेळात ते सुधारता येतात.

आणि निन्टेन्डोने काय केले? तिने हा स्टुडिओ विकत घेतला नाही. आपले दार दोन महिने आधी उघडून दिले. तिलाही शर्यतीत नवे काही दाखवायचे होतेच. दारवानांच्या भांडणात लहान कारागिराला कधी कधी अशी फट सापडते. मोठ्यांच्या चढाओढीचा लाभ घ्यायचा तो असा, काही काळापुरता आणि मोकळ्या हाताने.

मी बीडचा असल्यामुळे या व्यवहाराकडे पाहताना मला राहून राहून एक शब्द आठवतो: उचल. बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आष्टी, पाटोदा, शिरूर, केज, धारूर या भागांतली गावे रिकामी होऊ लागतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून कोयत्याला आगाऊ रक्कम मिळते, ती उचल. मग पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कुठेतरी कोपी उभारायची आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत ऊस तोडून ती रक्कम फेडायची. कारखान्यांत चुरस लागली की उचलीचा आकडा वाढतो. गावात वाटते, भाव आला! पण वाढलेली उचल म्हणजे वाढलेले देणे. ती न फिटली तर पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा. आणि साखरेच्या पोत्यावर कारखान्याचे नाव असते, कोयत्याचे नसते.

फडातल्या बाईच्या कष्टांशी पंख्याखाली बसून केलेल्या कामाची बरोबरी करणे म्हणजे त्या बाईचा अपमान आहे. ती मी करीत नाही. मी बोलतो ते रचनेपुरते. खेळांच्या धंद्यातही प्रकाशक स्टुडिओला आगाऊ रक्कम देतो, आणि ती विक्रीतून वसूल होईपर्यंत करणाऱ्याच्या हाती बहुधा काही पडत नाही. बड्यांत चुरस लागली की हा आकडा फुगतो, सबंध स्टुडिओचे मोल गगनाला भिडते, आणि वर्तमानपत्रे लिहितात की, कलेला भाव आला. आमच्याकडची म्हातारी माणसे मात्र आकडा ऐकून आधी विचारतात, ‘फेडायची कशी?’

हा प्रश्न आता आपल्या दारात उभा आहे. सोनीने २०२३ मध्ये भारतातल्या खेळकर्त्यांना हात देण्याची एक योजना जाहीर केली. तिच्यात पुण्याचा ‘लोको’ आहे, माणसांच्या चोरट्या व्यापारावरचा ‘मुक्ती’ हा मुंबईचा खेळही आहे. मायक्रोसॉफ्ट आणि निन्टेन्डो यांचेही लक्ष या देशाकडे वळेल. एकाने शेतात पाय ठेवला की दुसरा बांधावर येतोच. त्याचे मी स्वागत करतो. पैसा हवा, शिकविणारे हवेत, दार उघडणारा हवा. ‘मुक्ती’सारखा विषय हाती घेण्याचे धैर्य मदतीमुळे मिळत असेल, तर त्या मदतीला बोल लावणारा मी कोण? पण करारावर सही करण्यापूर्वी आपल्या मुलांनी चार गोष्टी विचारून घ्याव्यात: खेळातली पात्रे कोणाची राहणार, खेळ किती दिवस राखीव राहणार, आगाऊ रक्कम फिटल्यावर वाटा किती, आणि खेळाच्या शेवटी कोणाकोणाची नावे येणार. रेअरला पहिला प्रश्न जड गेला, बंजीलाही तोच नडला. अटारीच्या कारागिरांनी चौथ्यासाठी घर सोडले.

टीकाकारांनीही आपली रीत बदलली पाहिजे. ‘चित्रे सुंदर, संगीत मधुर, लढाई संथ’ एवढ्यावर या कलेची समीक्षा थांबत असेल तर ती अपुरी आहे. एखादा खेळ घाईत संपतो, एखाद्यात उगाच पैसे उकळणारी दुकाने उघडतात, एखादा स्टुडिओ ज्यात वाकबगार ते सोडून भलतेच करू लागतो, तेव्हा त्यामागे बहुधा दोन दारवानांच्या स्पर्धेचा एखादा हिशेब असतो. तो वाचकासमोर मांडणे हे समीक्षेचेच काम आहे. आणि खेळ संपल्यावर जी नावांची लांबलचक यादी सरकत जाते, ती बंद न करता पाहावी, एवढे तर घरातल्या मुलांना आपण शिकवू शकतो. तिच्यात अलीकडे देशपांडे, शेख, मुंडे, गायकवाड अशी आपली आडनावे भेटू लागली तर नवल नाही. ती यादीच्या तळाशी आहेत की माथ्याशी, हे मुलांना विचारावे. पुढच्या दहा-वीस वर्षांत पुण्यातले हे स्टुडिओ प्रभातच्या वाटेने जातात की फडाच्या, याचे उत्तर त्या यादीत हळूहळू लिहिले जाणार आहे.